केग्विन, रिचर्ड

केग्विन, रिचर्ड : ( ? – जून १६९०). सतराव्या शतकातील एक इंग्रज नाविक व लष्करी अधिकारी. खांदेरीच्या युद्धात (१६७९-८०) ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी तुकडीचा प्रमुख आणि पुढे मुंबईतील कंपनीविरुद्धच्या बंडाचा (१६८३-८४) नेता म्हणून तो प्रसिद्ध आहे. खांदेरीच्या वेढ्याच्या काळात त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी जहाजांवरून मुंबईस धाडलेली पत्रे, तसेच त्यांच्या आधारे मुंबई व सुरत येथील अधिकाऱ्यांत झालेला पत्रव्यवहार हे शिवकालीन मराठी आरमाराच्या इतिहासाचे एक प्रमुख साधन होय. शत्रुपक्षाच्या लेखणीतून उतरलेली असल्याने ही पत्रे सावधपणे वाचावी लागतात. तथापि त्याच कारणामुळे त्यांतील पराभवाच्या कबुलीला विशेष मोल आहे.

पूर्ववृत्त : केग्विनचे घराणे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडील कॉर्नवॉल परगण्यातील पेन्झन्स या बंदरगावचे. तो प्रथम इंग्लंडच्या राजाच्या आरमारात होता. डचांनी १६७३ च्या प्रारंभी अटलांटिक महासागरातील सेंट हेलीना हे बेट कंपनीकडून जिंकून घेतले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात रिचर्ड मंडनच्या आरमाराने ते परत मिळविले. या मोहिमेत कड्यावरून चढून बेटावर उतरणाऱ्या तुकडीचे नेतृत्व केग्विनकडे होते. त्यानंतर काही काळ तो त्या बेटाचा गव्हर्नर होता. बेट पुन्हा कंपनीच्या ताब्यात गेल्यावर तो १६७६ च्या सुमारास मुंबईस आला आणि पुढे येथील घोडदळाचा प्रमुख झाला.

त्या वेळी मुंबई हे कंपनीचे नवे व दुबळे ठाणे होते. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या तहाने (१६६१) ते इंग्लंडच्या राजाकडे आले व त्याने १६६८ मध्ये ते वार्षिक दहा पौंड खंडाने कंपनीस दिले. तेथील कारभार डेप्युटी गव्हर्नर पाही. परंतु तो सुरतेच्या प्रेसिडेंटच्या आज्ञेत असे. अर्थात युद्ध व तह यांचा निर्णय सुरतेहून होई आणि अंतिम मंजुरी लंडनहून येई. खांदेरीच्या पत्रव्यवहारातील अनेक विसंगतींचे मूळ या व्यवस्थेत आहे.

खांदेरीचे महत्त्व : खांदेरी हे आजच्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील थळ गावासमोर समुद्रात असलेले दोन टेकड्यांचे खडकाळ बेट होय. किनाऱ्यापासून ते सुमारे ५ किमी. अंतरावर असून मुंबई बंदराच्या तोंडाच्या दक्षिणेस येते. त्याच्या व किनाऱ्याच्या दरम्यान उंदेरी हे लहान बेट आहे. बंदरात येणारे-जाणारे प्रत्येक जहाज खांदेरीवरून दृष्टीस पडते. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईस माझगावच्या आश्रयास राही व तेथून समोरच्या पनवेल-पेणकडील मराठी मुलुखास उपद्रव देई. सिद्दीच्या या वाटेवर व मुंबईकरांवर एकाच वेळी नजर ठेवता येईल असे खांदेरीसारखे दुसरे ठिकाण नव्हते. शिवाजी महाराजांनी १६७२ च्या सुमारासच ते बांधण्याचा विचार केला होता. पण इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधामुळे तो तहकूब राहिला.

ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी हा सुमारे दीडशे माणसे व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि त्याने तटबंदीस आरंभ केला. बेट मुंबईच्या हद्दीतील असल्याचा दावा करून इंग्रजांनी ते सोडून जाण्यास सांगितले. धन्याच्या हुकुमावाचून आपण हलणार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या वेळी जॉन चाइल्ड हा मुंबईचा डेप्युटी गव्हर्नर होता. त्याने सप्टेंबरच्या प्रारंभी काही शिबाडे बेटाभोवती पाठविली. थळच्या बाजूने येणारी सामग्री अडविली, की काम आपोआप थांबेल, अशी मुंबईकरांची अपेक्षा होती.

वेढा व लढाई : या अपेक्षेला पहिला धक्का १९ सप्टेंबर रोजी बसला. लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प हा आपल्या तुकडीसह बेटावर उतरू पाहत असता मारला गेला. त्याच्याबरोबर काहीजण पडले व काही मराठ्यांच्या हाती लागले. थॉर्पने आज्ञा डावलून हे साहस केले, असा ठपका मुंबईच्या पत्रांत ठेवलेला आहे. त्यानंतर कंपनीने ‘रिव्हेंज’ हे लढाऊ जहाज व आणखी गलबते पाठवून आरमाराचे नेतृत्व केग्विनकडे सोपविले. रिव्हेंजचा कप्तान मिंचिन हा त्याचा सहकारी होता.

ताफ्यात रिव्हेंजखेरीज दोन गुराबा, तीन शिबाडे व दोन मचवे अशी एकूण आठ जहाजे आणि सुमारे दोनशे गोरे शिपाई होते. शिबाडे ही मुळात मालवाहू जहाजे. ती भाड्याने घेऊन लढाईच्या कामी लावली होती. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी पहाटे दौलतखानाच्या हाताखालील पन्नास-साठ मराठी गलबतांचा ताफा चौलच्या उत्तरेकडील किनाऱ्याकडून निघून इंग्रजांवर चालून आला. नांगर उचलण्यासही पुरता अवधी मिळू नये इतक्या वेगाने तो आला. पावसाळा संपल्यावर या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात. किनाऱ्याकडून येणाऱ्या वल्ह्या-शिडांच्या हलक्या गलबतांना ते अनुकूल असतात, तर नांगरून पडलेल्या जड जहाजांना हालचालीस वेळ लागतो.

अर्ध्या तासाच्या आतच ‘डव्ह’ या गुराबेने निशाण उतरविले व ती मराठ्यांच्या हाती गेली. तीवरील सार्जंट व शिपाई कैद झाले. उरलेल्या जहाजांनी दूर राहणे पसंत केले आणि रिव्हेंज एकटे पडले. केग्विन व मिंचिन यांनी मात्र शत्रूला जवळ येऊ देऊन तोफा डागल्या व पाच गलबते बुडविल्याचे कळविले. अखेरीस मराठी आरमार माघार घेऊन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात गेले. तेथे पाठलाग करणे रिव्हेंजला शक्य नव्हते.

ही लढाई इंग्रज लेखकांनी विजय म्हणून नोंदविली आहे. रिव्हेंज बचावले, एवढ्यापुरते ते खरे आहे. परंतु वेढ्याचा हेतू तटबंदी थांबविणे हा होता व तो सफल झाला नाही. लढाईनंतरही बेटावर माणसे, धान्य, लाकूड व दारूगोळा पोहोचत राहिला आणि तट चढत राहिला.

पत्रांचे स्वरूप : या पत्रांची साखळी तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी जहाजावरील अधिकाऱ्यांच्या पत्रांची. ती थोडक्यात व घाईने लिहिलेली असून वारा, भरती-ओहोटी, रात्री दिसलेल्या होड्या, संपत आलेली दारू व पाणी अशा प्रत्यक्ष बाबी त्यांत येतात. दुसरी पायरी मुंबईच्या डेप्युटी गव्हर्नरने व त्याच्या कौन्सिलने सुरतेस लिहिलेल्या पत्रांची. त्यांत जहाजावरील बातमीचा सारांश, खर्चाचे समर्थन व अधिक मदतीची मागणी असते. तिसरी पायरी सुरतेची उत्तरे व सुरतेहून लंडनला गेलेले अहवाल यांची. मुंबई-सुरत पत्र कासिदाकरवी जाई व त्यास काही दिवस लागत. लंडनचे उत्तर मिळण्यास वर्षाहून अधिक काळ लोटे. त्यामुळे सुरतेचा हुकूम मुंबईस पोहोचेपर्यंत बेटावरील स्थिती पालटलेली असे आणि लंडनला हे युद्ध कळले तेव्हा ते संपून गेले होते.

या पत्रांतून वारंवार येणारी तक्रार एकच आहे. मराठ्यांच्या लहान, उथळ बुडाच्या होड्या अंधाराचा व ओहोटीचा फायदा घेऊन थळच्या खाडीतून निघत आणि इंग्रज जहाजांना चुकवून बेटाला लागत. त्यांचा पाठलाग करणे इंग्रजांच्या जड जहाजांना साधत नसे; खडकांच्या भीतीने बेटाच्या फार जवळही जाता येत नसे. तोफांची संख्या व पल्ला यांत इंग्रज वरचढ होते. मात्र तोफेच्या टप्प्यात न येणाऱ्या शत्रूपुढे हे वर्चस्व निष्फळ ठरले. कंपनीच्या नोकरांनी प्रथम तुच्छतेने उल्लेखिलेल्या होड्यांविषयी पुढे चिंतेचा सूर उमटतो, हा या पत्रव्यवहारातील सर्वांत बोलका बदल होय.

दुसरी तक्रार पैशाची आहे. वेढा चालविण्यास अधिक जहाजे, पगारी खलाशी व शिपाई हवे होते. सुरतेचे कौन्सिल मात्र व्यापाऱ्याच्या दृष्टीने विचार करीत होते. शिवाजी महाराजांच्या मुलुखात कंपनीच्या वखारी होत्या व तेथून माल येत होता. एका खडकाळ बेटासाठी तो व्यापार बुडविणे सुरतेस परवडणारे नव्हते. म्हणून प्रारंभी प्रतिकारास संमती देणाऱ्या सुरतेने पुढे युद्धातून सन्मानाने अंग काढून घेण्याचा व हा भार सिद्दी किंवा पोर्तुगीज यांच्यावर टाकण्याचा सल्ला दिला. जहाजावरील अधिकारी साधने मागत आहे, मुंबई त्याची री ओढत आहे आणि सुरत खर्च मोजत आहे, असे चित्र या पत्रांतून उभे राहते.

सिद्दीचे आगमन व तह : नोव्हेंबर १६७९ मध्ये सिद्दी कासमचे आरमार खांदेरीजवळ येऊन इंग्रजांस मिळाले. ते मोगलांच्या बाजूचे असून इंग्रजांच्या ताफ्यापेक्षा पुष्कळ मोठे होते. तथापि या मदतीने केग्विनची अडचण वाढली. बेट जिंकल्यास सिद्दी ते स्वतःकडेच ठेवणार, हे त्याच्या ध्यानात आले. मुंबईच्या तोंडाशी मराठे असणे जितके गैरसोयीचे, तितकेच सिद्दी असणेही धोक्याचे होते. त्यामुळे संयुक्त हल्ल्याचा बेत पुढे सरकला नाही. याच सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याणच्या बाजूस सैन्य जमवून मुंबईवर उतरण्याचा धाक घातला. पोर्तुगीजांनी आपल्या हद्दीतून वाट न दिल्याने प्रत्यक्ष स्वारी झाली नाही. पण मुंबईतील भीती वाढली.

जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने उंदेरी व्यापून तेथे तटबंदी केली. दौलतखानाने त्याच महिन्याच्या अखेरीस तिच्यावर केलेला हल्ला यशस्वी झाला नाही. आता समोरासमोरच्या दोन बेटांवर मराठे व सिद्दी असे दोन शत्रू बसले व इंग्रजांना वेढा चालू ठेवण्यात अर्थ उरला नाही. त्यांनी आपली जहाजे काढून घेतली. मार्च १६८० मध्ये शिवाजी महाराजांशी तह झाला. पकडलेल्यांची सुटका व नुकसानीची भरपाई या गोष्टी इंग्रजांना मिळाल्या. सिद्दीच्या आरमारास मुंबईत थारा देण्यावर त्यांनी निर्बंध मान्य केले. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे रायगडावर निधन झाले. खांदेरीचा हा झगडा त्यांच्या आरमाराचा त्यांच्या हयातीतील अखेरचा मोठा संग्राम होय.

बंड : केग्विनची १६८१ मध्ये मुंबईच्या लष्कराचा प्रमुख व कौन्सिलचा तिसरा सभासद म्हणून नेमणूक झाली. याच काळात कंपनीचा सूत्रधार जोसाया चाइल्ड याने लंडनहून काटकसरीचे धोरण अवलंबिले. शिपायांची संख्या व वेतन कमी करण्यात आले. अधिकाऱ्यांचे भत्ते घटले. केग्विनच्या स्वतःच्या मिळकतीलाही कात्री लागली. सिद्दीचे खलाशी मुंबईत बेफामपणे वागत असता डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड याने नमते घेतले. १६८२ मध्ये जॉन चाइल्ड सुरतेचा प्रेसिडेंट झाल्यावर त्याच्याकडूनही दाद लागेना. खांदेरीच्या पत्रांतील साधनांच्या तुटपुंजेपणाची तक्रार आता अधिक तीव्र रूपात पुढे आली.

२७ डिसेंबर १६८३ रोजी केग्विनने शिपायांच्या पाठिंब्याने वॉर्डला कैद केले व मुंबईचा कारभार इंग्लंडच्या राजाच्या नावाने आपल्या हाती घेतला. बंदरातील ‘रिटर्न’ या कंपनीच्या जहाजावरील खजिनाही त्याने ताब्यात घेतला. कंपनीच्या गलथानपणामुळे हे बेट सिद्दी किंवा संभाजी महाराज यांच्या हाती जाण्याचा धोका असून ते राजासाठी राखणे आपले कर्तव्य आहे, असा त्याचा पक्ष होता. राजा दुसरा चार्ल्स व त्याचा बंधू ड्यूक ऑफ यॉर्क यांना पत्रे लिहून त्याने आपली बाजू मांडली. खांदेरीहून वरिष्ठांकडे साधने मागणारा अधिकारी आता त्याच वरिष्ठांविरुद्ध राजाकडे दाद मागत होता.

त्याचा सुमारे अकरा महिन्यांचा कारभार शिस्तीचा होता. त्याने सिद्दीच्या जहाजांना मुंबईचे बंदर बंद केले आणि १६८४ मध्ये हेन्री गॅरी व इतर वकील पाठवून संभाजी महाराजांशी तह केला. या तहाने व्यापाराच्या सवलती मिळाल्या व जुन्या नुकसानीच्या भरपाईची काही रक्कमही वसूल झाली. खांदेरीवर ज्यांच्याशी लढला त्या मराठ्यांशी सख्य आणि ज्यांच्या बाजूने लढला त्या सिद्दीस अटकाव, हे त्याचे धोरण वरकरणी विसंगत वाटते. खांदेरीच्या वेढ्यात सिद्दीविषयी आलेला अनुभव पाहता त्यात सुसंगती आढळते.

नोव्हेंबर १६८४ मध्ये राजाज्ञा घेऊन आलेल्या टॉमस ग्रँथमच्या स्वाधीन केग्विनने किल्ला व खजिना केला. त्याला व त्याच्या साथीदारांना माफी मिळाली. १६८५ मध्ये तो इंग्लंडला पोहोचला व पुढे राजाच्या आरमारात रुजू झाला. फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात वेस्ट इंडीजमधील सेंट क्रिस्टोफर बेटावरील बास्टेअर येथे झालेल्या हल्ल्यात जून १६९० मध्ये तो मारला गेला. दरम्यान कंपनीने मोगलांशी युद्ध ओढवून घेतले. १६८९ मध्ये सिद्दी याकूतने मुंबईत सैन्य उतरवून किल्ल्याखेरीज बेटाचा बहुतेक भाग व्यापला व तो १६९० पर्यंत सोडला नाही. केग्विनने वर्तविलेला धोका अशा रीतीने खरा ठरला.

ऐतिहासिक मोल : खांदेरीच्या संघर्षाचा दैनंदिन वृत्तांत समकालीन मराठी कागदपत्रांतून मिळत नाही. सभासद बखरीत आरमारातील जहाजांचे प्रकार आढळतात व रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराविषयीचे धोरण आहे. परंतु कोणत्या दिवशी किती होड्या बेटास लागल्या, हे मायनाक भंडारी किंवा दौलतखान यांच्या शब्दांत वाचावयास मिळत नाही. ते इंग्रजांच्या पत्रांवरूनच समजून घ्यावे लागते. सुरत व मुंबई येथील जुनी दप्तरे लंडन व मुंबई येथील अभिलेखागारांत आहेत. अठराव्या शतकात रॉबर्ट ऑर्म याने त्यांचा उपयोग केला. १९३१ मध्ये पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने शिवकालाशी संबंधित इंग्रजी पत्रे एकत्र प्रसिद्ध केल्यावर मराठी अभ्यासकांना ती सुलभ झाली. केग्विनच्या बंडावर रे व ऑलिव्हर स्ट्रेची यांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पत्रांचा उपयोग करताना काही पथ्ये पाळावी लागतात. त्यांतील दिनांक जुन्या ज्यूलियन पंचांगाचे असून ते आजच्या पंचांगाहून दहा दिवस मागे आहेत; १८ ऑक्टोबर म्हणजे आजच्या गणनेने २८ ऑक्टोबर. त्या काळी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते मार्च १६८० मधील पत्रांवर १६७९ हे साल आढळल्यास ती वर्षभर आधीची समजण्याची चूक होऊ शकते. शत्रूच्या जहाजांची व बुडालेल्या गलबतांची संख्या ही दुरून केलेली मोजणी असून तिच्यात आत्मसमर्थनाचा वाटा असणे संभवनीय आहे. त्याउलट, होड्या अडविता येत नाहीत, आपली जहाजे लढाईत मागे राहिली, बांधकाम थांबत नाही, ही विधाने लिहिणाऱ्याला कमीपणा आणणारी असल्याने अधिक विश्वसनीय ठरतात. मोठ्या तोफांच्या आरमाराला लहान गलबतांनी व किनाऱ्याच्या जाणकारीने निष्प्रभ केले, हा निष्कर्ष मराठी अभिमानातून काढलेला नाही. तो शत्रूच्याच कबुलीवर उभा आहे.

खांदेरी पुढे आंग्र्यांच्या सत्तेखाली आली. नोव्हेंबर १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याच्या आरमाराने तिच्यावर केलेला हल्लाही फसला. १८१८ नंतर ती इंग्रजांकडे गेली व १८६७ मध्ये तेथे दीपगृह उभारण्यात आले. बेटास १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. भारतीय नौदलाच्या दोन पाणबुड्यांना खांदेरीचे नाव मिळाले असून त्यांपैकी दुसरी २०१९ मध्ये सेवेत दाखल झाली. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत खांदेरी आहे. केग्विनने ज्या तटाचे काम थांबविण्यासाठी महिनोन्‌महिने जहाजे उभी ठेवली, त्याच किल्ल्याला हा मान मिळाला.